परदेशी गोठे पाहायला जाताना

निपाणी-चिकोडी भागातून तुम्ही प्रथमच नेदरलँड्सच्या दुग्ध अभ्यासदौऱ्यावर निघाला आहात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आपल्या गोठ्यात वापरलेले बूट व कपडे सोबत नेऊ नका, कारण लाळ्या खुरकुताचा विषाणू त्यांवरून पसरू शकतो. बेळगावचा कुंदा ही दुधाची मिठाईही घरीच ठेवावी. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे व मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे.

दूध काढणारा रोबोट पाहून सगळेच हरखतात, परंतु मजुरी महाग असलेल्या देशाचे ते उत्तर आहे; चार जनावरांच्या गोठ्याला त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद ठेवून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, ढिगापाशी थांबा. मक्यातील शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा भाग) साधारण ३२ ते ३५ टक्के असताना केलेली कापणी, बारीक कुट्टी, ट्रॅक्टरने दाबून बाहेर काढलेली हवा आणि ढीग रोज सपाट कापून चारा काढण्याची शिस्त नीट पाहा, मूठभर मुरघास हातात घेऊन त्याचा वासही घ्या. एरवी उसाच्या वाढ्यांवर भिस्त ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना यातले बरेच काही ट्रॅक्टर आणि प्लास्टिकच्या कागदावर जमण्यासारखे आहे.

लेऊवार्डन येथे वागेनिंगेन विद्यापीठाचे दुग्धसंशोधन केंद्र आहे. तेथे गेल्यास केवळ दुधाचे आकडे न विचारता दोन वेतांतील अंतर, भाकड काळातील (गाय दूध देत नसतानाचा) आहार आणि लिटरमागे येणारा चाऱ्याचा खर्च विचारावा. उत्तरे त्याच रात्री वहीत उतरवावीत.