जुनी डिस्क थेट व्हर्च्युअल मशीनला

प्रश्न: नौपाड्यात माझं करसल्लागाराचं ऑफिस आहे. जुन्या पीसीचा मदरबोर्ड गेला, पण हार्ड डिस्क चालू आहे. विंडोज ७ आणि अशिलांचे जुने हिशेब तिच्यावरच आहेत. नव्या मशीनला जोडून ती व्हर्च्युअलबॉक्समधून (एका संगणकाच्या आत दुसरा, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्राम) थेट चालवायला गेलो, तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्यावर विंडोजचा लोगो आला आणि लगेच निळा पडदा, स्टॉप कोडच्या शेवटी ७बी. डिस्क गेली का?

– एक वाचक, ठाणे

उत्तर: ७बी दिसला म्हणून डिस्क गेली असं समजू नका. विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या पीसीच्या बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जुनी आयडीई असेल आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये तुम्ही डिस्क साटा कंट्रोलरला (नव्या पद्धतीच्या जोडणीला) लावली असेल, तर हे होणारच. विंडोज ७ कडे दोन्ही पद्धतींचे ड्रायव्हर असतात, पण इन्स्टॉल करताना न लागलेला बंद असतो. स्टोरेज सेटिंगमध्ये कंट्रोलर बदलून आयडीई करून बघा.

पण त्याआधी, साहेब, अशिलांच्या एकुलत्या एक डिस्कवर असले प्रयोग नकोत! माझ्या वाशीच्या दुकानात अशा डिस्क पिशवीतून येतात आणि बॅकअप विचारला की गिऱ्हाईक छताकडे बघतं. मायक्रोसॉफ्टचं डिस्क२व्हीएचडी फुकट मिळतं. त्यात ‘व्हीएचडीएक्स’ या फाइल प्रकारापुढची टिक काढून टाका, डिस्कचे सगळे भाग निवडा, नक्कल दुसऱ्या ड्राइव्हवर काढा आणि तीच व्हर्च्युअलबॉक्सला जोडा. मग हवे तेवढे खेळ करा.

तरी मूळ डिस्कच चालवायची असेल, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये डावीकडे जुन्या डिस्कच्या नावावर (समजा ‘डिस्क १’) राइट क्लिक करून ती ऑफलाइन करा. व्हिस्टा आवृत्तीपासून विंडोज माउंट असलेल्या (स्वतः वापरत असलेल्या) डिस्कवर दुसऱ्या प्रोग्रामला थेट लिहू देत नाही, आणि ते बरंच आहे: दोन विंडोज एकाच वेळी एका डिस्कवर लिहू लागले तर फाइल सिस्टिमची वाट लागते.

व्हर्च्युअलबॉक्सने बनवलेली व्हीएमडीके फाइल (खरी डिस्क कोणती ते व्हर्च्युअल मशीनला सांगणारी) नोटपॅडमध्ये उघडा. जेमतेम काही ओळी असतात, त्यात ‘फिजिकलड्राइव्ह१’ असं दिसेल. पेनड्राइव्ह लावून मशीन रीस्टार्ट केलं तर हा आकडा दुसऱ्याच डिस्ककडे जाऊ शकतो, म्हणून दर वेळी ताडून बघा.

मशीन बदललं म्हणून विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागेल. विंडोज ७ चा नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तेव्हा व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क बंदच ठेवा. जुने हिशेब वाचायला इंटरनेट लागत नाही.