गेमिंग लॅपटॉप तापून बंद पडतो, आता ग्राफिक्स कार्ड ‘कोड ४३’ दाखवतंय. दुकानदार म्हणतो रिबॉलिंग करा. करू का?

आत्ताच होकार देऊ नका. रिबॉलिंग म्हणजे चिप उचलून तिच्याखालचे सोल्डरचे गोळे बदलणं. तुम्ही लिहिलंय ते असं: अकोल्यात राहता, लॅपटॉप पाच वर्षांचा, आत आय७-१०७५०एच प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १६६० टीआय ग्राफिक्स कार्ड. मार्चपासून गेम खेळताना तापमानाची सूचना यायला लागली, मग मशीन मधेच बंद व्हायला लागलं, आणि आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडियाच्या नावावर पिवळा त्रिकोण आहे. यात दुकानदाराने कार्ड कशावर तपासलं याचा एक शब्दही नाही. ‘तापलं म्हणजे चिप सुटली’ हा नुसता अंदाज झाला, आणि अंदाजावर बोर्डाला हॉट एअर (सोल्डर वितळवणारी गरम हवा) लावायची नसते.

मी नागपुरात लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करतो. उन्हाळ्यात असली मशीनं सतत येतात, आणि त्यातली बरीचशी आधी कुठेतरी गरम करून आणलेली असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी तुमचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) अपडेट आत्ता अजिबात करू नका, कोणीही कितीही सांगितलं तरी. मधेच बंद पडणाऱ्या मशीनवर अपडेट अर्धवट राहिलं तर आहे तो बोर्डही हातचा जाईल.

आता इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, ‘सिस्टम’मध्ये जा आणि मार्चपासूनच्या नोंदी बघा. कर्नल-पॉवर ४१ म्हणजे मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच. त्यातून कारण कळत नाही. कर्नल-पॉवर ८६ असेल तर बंद पडण्याचं कारण तापमान. आणि ‘डिस्प्ले ४१०१’ किंवा ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’च्या नावाच्या नोंदी असतील तर ग्राफिक्स ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) अडकत होता. विंडोज कार्डाला उत्तर द्यायला २ सेकंद देतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही की ड्रायव्हर पुन्हा चालू करतं. यातल्या कुठल्या नोंदी आधी सुरू झाल्या ते तारखेसकट लिहून ठेवा. ड्रायव्हर आधी अडकत असेल आणि उष्णतेच्या नोंदी नंतरच्या असतील, तर नुसती पेस्ट (चिपची उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून कार्ड परत येण्याची आशा फार धरू नका.

कोड ४३चा अर्थ इतकाच की उपकरणाने काहीतरी बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं. बिघडलेल्या ड्रायव्हरनेही हाच कोड येतो. चार्जर काढून, मशीन बंद करून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग इंटरनेट बंद ठेवून सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर पूर्ण काढा आणि लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर टाका. इंटरनेट चालू राहिलं तर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं आणि मग चाचणीला अर्थ उरत नाही.

तरीही त्रिकोण राहिला तर पेन ड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टम) घ्या, इन्स्टॉल न करता तसंच चालवा आणि टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी आज्ञा द्या (अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरांत, lspci). मशीन पूर्ण थंड असताना दोन-तीनदा करून बघा. यादीत एनव्हिडियाचं नावच येत नसेल तर विंडोजचा दोष नाही, बिघाड बोर्डावर आहे. नाव आलं तर कार्ड धडधाकट आहे असं मात्र समजू नका. ते निदान बोलतंय एवढंच कळलं.

स्क्रीनवर रेघा किंवा रंगीत चौकोन दिसत असतील तर ते कुठे दिसतात हेही बघा. तुमच्या प्रोसेसरमध्ये इंटेलचं स्वतःचं ग्राफिक्स आहे, आणि त्या काळच्या बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये आतला डिस्प्ले त्याच्यावरच चालतो. म्हणजे बायोसच्या स्क्रीनवरसुद्धा रेघा येत असतील तर संशय डिस्प्लेच्या केबलवर किंवा पॅनेलवर घ्यायचा. १६६० टीआयला उगाच बदनाम करायचं नाही. एचडीएमआयचं पोर्ट मात्र बऱ्याच मॉडेलमध्ये थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं. टीव्ही लावून बघितलात तर फरक लगेच कळेल.

आता उष्णता. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम टाका आणि एखादा जड प्रोग्रॅम चालवून आकडे चढतात कसे ते बघा. नुसता सर्वांत मोठा आकडा बघून फार काही हाती लागत नाही. प्रोसेसर पाच-दहा सेकंदांत ५० वरून ९८ ला उडी मारत असेल तर पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) नीट टेकत नाही. दहा मिनिटांत हळूहळू चढत असेल तर हवा अडली आहे. पंख्याचे आरपीएमही (मिनिटाला फेरे) तिथेच दिसतात. दोनपैकी एक शून्यावर असेल तर उत्तर मिळालंच. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की तो आपणच वेग कमी करतो, म्हणून नुसत्या ९५ने घाबरून जायचं कारण नाही.

उघडणार असाल तर मशीन बंद करून आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, आणि बॅटरी फुगली असेल तर तिथेच थांबा, ती आधी बदला. धूळ कुठे असते ते नीट लक्षात घ्या. बाहेरची जाळी स्वच्छ दिसते, पंख्याची पाती पुसलेली असतात, आणि तरी मशीन तापतं. पंखा स्क्रू काढून उचलला की त्याच्या तोंडाशी, तांब्याच्या बारीक पत्र्यांच्या आतल्या बाजूला, गोधडीतल्या जुन्या कापसासारखा घट्ट करडा थर दिसतो. चिमट्याने धरला तर अख्खी पट्टी सलग निघते. बाहेरून ब्लोअर मारला की हा थर सुटून पंख्यावर येतो आणि पुन्हा तिथेच जाऊन बसतो. ब्लोअर मारायचाच असेल तर पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जातं.

उष्णता आणि कार्ड यांचा खरा संबंध मला पॅडमध्ये दिसतो. १६६० टीआयभोवती मेमरीच्या ६ चिप असतात आणि शेजारी वीज देणारे मॉसफेट. त्यांची उष्णता पेस्टवाटे जात नाही, मऊ थर्मल पॅडवाटे हीटसिंकला जाते. या मेमरीचं तापमान एचडब्ल्यूइन्फोत दिसतही नाही. मुख्य चिप ७८ अंश दाखवते आणि शेजारची मेमरी भाजत असते. कोणी ‘सर्व्हिसिंग’ करताना फाटके पॅड तसेच ठेवले, किंवा अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा लावला, तर हीटसिंक मुख्य चिपवरून उचलला जातो आणि दोन्हीकडून नुकसान होतं. तुमचा लॅपटॉप मार्चच्या आधी कुठे उघडला होता का, हे आठवून बघा. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

अकोल्याचा उन्हाळा यात भर घालतोच. खोली २६ वरून ३८ वर गेली की आतल्या चिपही जवळजवळ तितक्याच अंशांनी वर जातात. हिवाळ्यात जेमतेम निभावणारं मशीन एप्रिलमध्ये म्हणूनच बंद पडायला लागतं. कूलर खोलीत चालू द्या, पण त्याच्या झोताच्या तोंडाशी लॅपटॉप ठेवू नका, पाण्याचे तुषार आत जातात. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करा. त्याने टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, प्रोसेसर २.६ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही, आणि तापमान चांगलंच उतरतं.

रिबॉलिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सिलिकॉनची चिप सूक्ष्म सोल्डर-टेकड्यांवर एका छोट्या हिरव्या पट्टीवर बसलेली असते, आणि ती पट्टी मोठ्या सोल्डर-गोळ्यांवर बोर्डावर. रिबॉलिंगमध्ये फक्त हे खालचे गोळे बदलतात. २००८ साली एनव्हिडियाने लॅपटॉपच्या सदोष चिपपोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली, तेव्हाचा दोष चिपच्या पॅकेजिंगमध्ये होता. त्या चिप गरम केल्या की वरचा तुटका जोड तात्पुरता टेकायचा, लॅपटॉप काही दिवस किंवा आठवडे चालायचा आणि पुन्हा जायचा. ‘गरम केलं की चालतं’ ही समजूत बाजारात त्या पिढीपासून घट्ट बसली आहे. तुमचं कार्ड त्यानंतर अकरा वर्षांनी आलेलं आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या या पिढीच्या कार्डांमध्ये मेमरीची एखादी चिप गेलेली असते, नाहीतर वीजपुरवठ्यात मॉसफेट किंवा कपॅसिटर शॉर्ट असतो. त्यासाठी मुख्य चिप उचलायची गरजच नसते.

म्हणून दुकानदाराला थेट विचारा: कार्डाच्या वीजपुरवठ्याच्या रेषांवर मल्टिमीटरने किती रोध आला? कार्ड ओळखलं जात असेल तर ‘मॅट्स’ ही मेमरीची चाचणी चालवली का, आणि सहापैकी कुठल्या चिपवर एरर आल्या? बोर्ड खरंच तपासणारा माणूस याची उत्तरं न चिडता देतो. उत्तर ‘आधी गरम करून बघू’ असं आलं तर मशीन परत घ्या.

मेमरीची चिप किंवा मॉसफेट निघाला तर दुरुस्ती जरूर करा, सोबत सगळे पॅड योग्य जाडीचे बदलून घ्या. मुख्य चिपच गेली असेल तर पाच वर्षांच्या मशीनवर तेवढे पैसे घालू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडिया ‘डिसेबल’ करा. इंटेलच्या ग्राफिक्सवर अभ्यास, कोडिंग, व्हिडिओ सगळं नीट चालेल, आणि कार्डाची उष्णता नसल्यामुळे मशीन थंडही राहील.