पेंच-कान्हान खोरे : नदीचा उतार आणि कोळशाच्या थरांची नती

मध्य प्रदेशातल्या पेंच आणि कान्हान या नद्यांच्या वरच्या खोऱ्याचा छेद (जमीन उभी कापल्यास दिसेल तसे चित्र) काढताना आपण कोळशाचे थर नदीबरोबर दक्षिणेकडे उतरते दाखवले आणि विंधन नोंदींतली (जमिनीत खोल भोके पाडून केलेल्या तपासणीच्या नोंदींतली) खोली जुळेना, असे आपण लिहिले आहे. माझेही काम नेमके इथेच अडले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

या नद्या दक्षिणेकडे वाहतात, पण त्यांच्याखालचे गोंडवाना खडक (कोळसा धरणारे प्राचीन गाळाचे खडक) साधारण पाच अंशांनी उत्तरेकडे कललेले आहेत. त्यामुळे उगमाकडे चढत जावे तसा कोळसा खोल जातो. पाच अंशांची नती, म्हणजे थरांचा कल, धरली तर किलोमीटरमागे सुमारे ८७ मीटर, आणि डोंगर जितका चढेल तितकी खोली त्याशिवाय. कोळसा धरणारे बराकार थर दक्षिणेच्या कडेला उघडे पडतात, त्यांच्यावर मोतूर आणि बिजोरीचे थर येतात आणि उत्तरेला पचमढी वालुकाश्माचे कडे उभे राहतात. सुमारे १,३५० मीटर उंचीचे धूपगड त्यातलेच. तिथले पाणी देनवा-तवामार्गे नर्मदेला जाते, पेंच-कान्हानचे वैनगंगेला. हा जलविभाजक आजच्या भूरूपाचा आहे. थरांची नती त्याच्याशी बांधलेली नाही.

माझे सर्वांत मोठे नुकसान एका कार्यालयाने केले. तिथून मिळालेली नकाशाची छायाप्रत कृष्णधवल होती आणि नतीचे बाण व त्यांच्या टोकाचे आकडे छटांच्या काळोखात बुडाले होते. विंधन नोंदी मागितल्यावर 'नकाशात सगळे आहे' एवढेच उत्तर मिळे आणि अर्ज दुसऱ्या टेबलाकडे जाई. सार्वजनिक पैशातून झालेले सर्वेक्षण अशा रीतीने निरुपयोगी करून हातात द्यावे, याचा संताप आजही येतो. रंगीत प्रतीखेरीज काहीही स्वीकारू नये, असे माझे ठाम मत आहे.

पावसाळ्यानंतर नाल्यांचे पाणी ओसरले की काठ पाहावेत. भरड पांढुरका वालुकाश्म आणि त्यात काळ्या शेलच्या (पापुद्रे सुटणाऱ्या चिकणमातीच्या खडकाच्या) पट्ट्या दिसल्या तर बहुधा बराकार. तांबडी, ठिपकेदार चिकणमाती लागली तर आपण मोतूरमध्ये आलात. दख्खनचा बेसाल्ट मात्र आधीच झिजलेल्या उंचसखल जमिनीवर पसरला असल्याने त्याच्या जाडीवरून खालचा अंदाज बांधू नये.

प्रस्तरभंगांमुळे, म्हणजे खडक भेगेवर सरकल्यामुळे, थर ठिकठिकाणी तुटून वरखाली झाले आहेत, तेव्हा पाच अंशांचा वरचा हिशेब केवळ पहिल्या तपासणीपुरता समजावा; विंधनाची जागा त्यावर ठरवू नये. जुन्या भूमिगत खाणींवरची जमीन खचते, म्हणून तिथे परवानगी आणि माहितगार माणूस यांवाचून पाऊल टाकू नये.