बोटाकडे बघून पुराची भीती जाते का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही अंबाझरीच्या खालच्या बाजूला राहतो. सप्टेंबर २०२३ ला तलाव ओव्हरफ्लो झाला त्या रात्री घरात पाणी शिरलं, सासूबाईंना खुर्चीसकट वर नेताना जिन्यातच लाईट गेली. तो अंधार नं पाण्याचा आवाज डोक्यातून जातच नाही. आता साधा पाऊस आला तरी धडधडतं, रात्री तीनतीनदा उठून दारापाशी फरशी ओली आहे का ते हाताने बघते. मैत्रीण म्हणाली डोळे हलवायची थेरपी असते, हे म्हणतात ते संमोहन आहे, लंबकवालं. यूट्यूबवर व्हिडिओ आहेत, घरीच करू का? आणि मुलगा नऊ वर्षांचा आहे, पावसाळ्यात उशाशी बूट ठेवून झोपतो.
– एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, आधी तुमच्या ह्यांना सांगा की संमोहन नाहीये ते. तुम्ही टक्क जाग्या असता आणि नको वाटलं तर हात वर करून थांबवता पण येतं. ईएमडीआर म्हणतात त्याला. फ्रान्सिन शापिरो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ मध्ये बागेत फिरताना जाणवलं की त्रासदायक विचार येताना डोळे इकडेतिकडे हलले की विचाराची धार कमी होते, त्यावरून ही पद्धत निघाली. गोष्ट ऐकायला जरा फिल्मी आहे, पण पुढे नीट अभ्यास झाले आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनात घर करून बसणाऱ्या भीतीच्या आजारासाठी, मोठ्यांना आणि लहान मुलांनाही चालणाऱ्या उपचारांत तिला घेतलं.

गेल्या गेल्या बोट फिरवत नाहीत. एकूण आठ टप्पे असतात, आधी तुमची सगळी हकीकत, मग घाबरलं तर स्वतःला शांत कसं करायचं ते शिकवतात, मग तो जिन्यातला क्षण पकडायचा. त्यासोबत मनात स्वतःबद्दल काय येतं, समजा ‘मी सासूबाईंना पाडलं असतं’, आणि त्रास ० ते १० मध्ये किती, ते विचारतात. मग ते चित्र मनात धरून थेरपिस्टच्या बोटामागे डोळे डावी-उजवीकडे, साधारण अर्धा मिनिट, थांबायचं, काय आलं ते सांगायचं, परत. आकडा खाली येईपर्यंत हेच. कधी बोटाऐवजी हातावर टॅपिंग किंवा कानात आवाज.

का काम करतं यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. एक म्हणणं असं की आठवण आणि बोट दोन्हीकडे लक्ष ठेवताना डोक्याची तारांबळ उडते, म्हणून चित्र फिकं पडतं. काही जण तर म्हणतात डोळ्यांचा काही संबंधच नाही, आठवणीला सुरक्षित जागी सामोरं जाणं हेच औषध. मला विचाराल तर ह्या वादात तुम्ही कशाला पडता, पण एक घ्या, पूर आलाच नव्हता असं काही होत नाही, जिना आठवेलच, फक्त आठवला की छाती धडधडणार नाही.

घरी मात्र नाही! आठवण उघडणं सोपं आहे हो, मध्येच रडू फुटलं, श्वास अडकला तर समोर मोबाईल काय करणार? आधी मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेज) नाहीतर मिहानमधल्या एम्सच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा, आणि थेरपिस्ट ठरवताना बिनधास्त विचारा की ईएमडीआरचं ट्रेनिंग कुठे केलं. एका बैठकीत बरं करतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, ब्रिटनच्या सरकारी गाइडलाइनमध्ये साधारण ८ ते १२ सेशन धरलेत. फिट येत असतील किंवा डोळ्यांचा काही त्रास असेल तर आधीच सांगा, चालू गोळ्या मनाने बंद करू नका. रात्री फारच घाबरल्यासारखं झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

मुलालाही त्याच ओपीडीत न्या. तोवर बूट ठेवतो तर ठेवू द्या, त्यावरून घरात कोणी चिडवू नका. हवं तर बॅटरी पण ठेवा त्याच्या उशाशी, तुमच्याही.