फॉर्म्युला वनचा (मोटार शर्यतींचा) २०२१चा मोसम बघणार असशील तर...

थेट मोसमातल्या शेवटच्या शर्यतीच्या, अबू धाबीच्या, शेवटच्या लॅपवर (फेरीवर) उडी मारू नकोस. नवखे तेच करतात आणि लगेच विजेतेपदासाठी झुंजणाऱ्या दोघांपैकी हॅमिल्टन की व्हर्स्टॅपन, बाजू घेऊन मोकळे होतात. आधी सिल्व्हरस्टोन, मोन्झा, जेद्दाहच्या शर्यती बघ. दोघं एकमेकांवर आदळले ते तिथे, चाहत्यांचा राग साठत गेला तोही तिथूनच. (बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीला तर लोक पावसात तासन्‌तास ताटकळले, सेफ्टी कारमागच्या, म्हणजे धोका असताना सगळ्यांना हळू चालवायला लावणाऱ्या गाडीमागच्या, जेमतेम फेऱ्यांसाठी!)

अबू धाबीला उतरताना दोघांचे गुण सारखेच, ३६९.५. शेवटी लतिफी या ड्रायव्हरची गाडी धडकली, सेफ्टी कार आली, मग हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपनच्या मधल्या, फेरीने मागे पडलेल्या पाचच गाड्यांना पुढे सोडलं आणि शेवटच्या लॅपला व्हर्स्टॅपनने हॅमिल्टनला मागे टाकून विजेतेपद नेलं. एफआयएच्या (शर्यतींच्या नियामक संस्थेच्या) अहवालाने नंतर मानवी चूक मान्य केली, निकाल मात्र तोच राहिला. म्हणून हॅमिल्टनवाल्यांना ‘विसरा आता’ म्हणू नकोस. आणि व्हर्स्टॅपनला नुसतं नशीबवानही नको. त्या वर्षी त्याने १० शर्यती जिंकल्या होत्या.