वडिलांचे शेवटचे दिवस गावच्या घरी काढता येतील का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांचा पोटाचा कॅन्सर पसरलाय, मुंबईच्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलंय. घर देवगड तालुक्यातल्या वाडीत, घरात आई आणि तुम्ही दोघंच. तिथे त्यांना सांभाळता येईल का, आणि लिहून दिलेल्या मॉर्फीनच्या (तीव्र दुखण्यावरच्या) गोळ्या द्याव्यात का?

मी परिचारिका आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरोघरी जाऊन अशा रुग्णांचं बघते. घरी सांभाळता येतं, आणि चांगलं सांभाळता येतं. फक्त रात्रीची तयारी दिवसाउजेडी करून ठेवायला हवी. घरी आणलेल्या माणसाला परत गाडीत घालून पळवावं लागतं, ते बहुतेक वेळा रात्री दुखणं उसळलं आणि घरात औषध नव्हतं म्हणून.

त्यामुळे मुंबई सोडायच्या आधीच तिथल्या पॅलिएटिव्ह विभागात, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करतात त्या विभागात, जाऊन या (टाटात उपचार झाले असतील तर तिथे आहे). दुखणं अचानक वाढलं, उलटी थांबेना, गोळी गिळता येईना, तर काय द्यायचं हे मराठीत लिहून घ्या आणि ती औषधं सोबत आणा. मॉर्फीन गावच्या मेडिकलात मिळणार नाही. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळणं फार अवघड झालं होतं; २०१४च्या दुरुस्तीनंतर मान्यता असलेली रुग्णालयं ते ठेवू शकतात. तुमच्या जवळपास कुठे मिळेल हे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आणि डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात आधी फोन करून विचारा. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी माणूस पाठवा. पावसात आणखी आधी, कारण घाटात दरड आली की कोल्हापूरची वाटही बंद.

आता भीतीचं. मॉर्फीन दिलं की माणूस लवकर जातो, हे मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते आणि त्यापायी माणसं विनाकारण तळमळताना बघते. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते दुखणं कमी करतं, आयुष्य नाही. कॅन्सरच्या दुखण्यावर असं घेतलेलं औषध म्हणजे व्यसनही नव्हे. मॉर्फीनची साधी गोळी साधारण चार तास पुरते, म्हणून ती घड्याळ बघून द्यायची. दुखायला लागल्यावर दिली तर सारखं दुखण्याच्या मागे धावावं लागतं. कॅलेंडरवर वेळ लिहून समोर खूण करा, म्हणजे आईने दिली की तुम्ही दिली हा घोळ होत नाही. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ असते. बद्धकोष्ठ मात्र कायम राहतं, तेव्हा पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच. मात्रा मनाने वाढवू नका आणि गोळी एकदम बंदही करू नका. जागं करूनही जाग येईना किंवा श्वास फारच मंद वाटला, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना फोन करा.

जेवणावरून घरात वाद होणार, हे आत्ताच सांगून ठेवते. ते पेजसुद्धा नको म्हणतील, आई रडेल, आणि मुंबईहून आलेले नातेवाईक सलाईन लावा म्हणतील. शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही. तेव्हा सलाईनने भरलेलं पाणी छातीत आणि पायांत साठतं, घरघर वाढते. दोन चमचे पेजेची निवळ मागितली तर द्या. नाही मागितली तर ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसत राहा, ओठांना थोडं तूप लावा. एवढ्याने त्यांना खरंच बरं वाटतं. आईला हे काम द्या, तिलाही काहीतरी करता येतंय असं वाटेल.

हवेची गादी घ्या, पण वीज गेली की ती बसते, तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलणं सुटत नाही. कूस बदलताना माकडहाड, टाचा आणि खुबे बघायचे. कातडी लाल झाली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही लालीच राहिली, तर त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही आणि ती चोळायचीही नाही. खाट माजघरात टाकलीत तर येणारं-जाणारं माणूस त्यांना दिसेल. आतल्या खोलीत माणूस फार एकटा पडतो.

आणि तुम्ही दोघंच आहात, तेव्हा रात्र वाटून घ्या. वाडीतल्या कुणाला आठवड्यातून दोन रात्री बसायला बोलवा. आपल्याकडे माणसं येतात, पण सांगावं लागतं. आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना याच आठवड्यात घरी आणून वडिलांना दाखवा, कारण घरी मृत्यू झाल्यावर कारणाचा दाखला आजारपणात बघितलेला डॉक्टरच देऊ शकतो. ग्रामपंचायतीत नोंद २१ दिवसांत करायची असते. मुंबईचे सगळे कागद एका पिशवीत घालून खाटेजवळच ठेवा.