एक रुपयाचे तिकीट आणि दोनदा बंद पडलेली एअर डेक्कन

या वेळच्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विमान कंपनीविषयी आहेत. त्यांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे ते थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे सलग देत आहोत.

प्रश्न : डिसेंबर २०१७ मध्ये आमच्या गावाहून मुंबईला विमान सुरू झाले, तेव्हा त्यावर ‘एअर डेक्कन’ असे नाव होते. एक रुपयाला तिकीट देणारी एअर डेक्कन तर कधीच बंद पडली, असे वडील सांगतात. मग ही कंपनी कोणती? – एक वाचक, जळगाव

उत्तर : नाव तेच, संस्थापकही तेच, मात्र कंपनी निराळी. आपले वडील सांगतात ते बरोबर आहे आणि आपण पाहिलेले विमानही खरे आहे.

कॅप्टन जी. आर. गोपीनाथ हे मूळचे कर्नाटकातील हसन जिल्ह्यातल्या गोरूरचे. १९७१ च्या युद्धात सहभागी झालेल्या या अधिकाऱ्याने तरुणपणीच लष्कर सोडले, गावी परतून शेती केली आणि सेंद्रिय पद्धतीच्या रेशीमशेतीसाठी १९९६ मध्ये रोलेक्स पुरस्कारही मिळवला. पुढे सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी ‘डेक्कन एव्हिएशन’ ही हेलिकॉप्टर भाड्याने देणारी कंपनी काढली. (पुण्याच्या वाचकांसाठी खुलासा : या ‘डेक्कन’चा जिमखान्याशी संबंध नाही, तो दख्खनच्या पठाराशी आहे.) याच कंपनीने ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कन ही प्रवासी सेवा सुरू केली आणि भारतात कमी भाड्याच्या विमानसेवेचा प्रारंभ तेथून धरला जातो. सुरुवात मात्र शुभशकुनाची म्हणता येणार नाही. हैदराबादहून विजयवाड्याला निघालेल्या उद्घाटनाच्या विमानात निमंत्रित राजकीय पाहुणे बसलेले असताना, ते जमिनीवर असतानाच त्याच्या इंजिनाला आग लागली आणि सर्वांना खाली उतरवावे लागले. दुसरी एखादी कंपनी अशा घटनेनंतर सहा महिने गप्प बसली असती; या कंपनीने लगेच नियमित उड्डाणे सुरू केली.

तिच्या ताफ्यात प्रथम होती ती एटीआर-४२ ही ४८ आसनांची पंख्याची विमाने. हुबळी, मंगळूर, मदुराई, विशाखापट्टणम यांसारख्या शहरांना त्यांनी मोठ्या शहरांशी जोडले. २००४ पासून १८० आसनांची एअरबस ए-३२० विमानेही आली आणि चार वर्षांत ही सेवा साठांहून अधिक ठिकाणी पोहोचली. २००७ मध्ये विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाने कंपनीत हिस्सा घेतला, त्याच वर्षी सेवेचे नाव ‘सिम्प्लिफ्लाय डेक्कन’ झाले, २००८ मध्ये ते ‘किंगफिशर रेड’ झाले आणि सप्टेंबर २०११ मध्ये मल्ल्या यांनी किंगफिशर रेड बंद करण्याची घोषणा केली. येथे पहिल्या एअर डेक्कनचा इतिहास संपतो.

डेक्कन एव्हिएशन आणि मल्ल्या यांची विमान कंपनी किंगफिशर यांचे विलीनीकरण झाले, त्या वेळी हेलिकॉप्टर आणि भाडोत्री विमानांचा जुना धंदा वेगळा काढून ‘डेक्कन चार्टर्स’ या कंपनीकडे ठेवण्यात आला होता. याच कंपनीने लहान शहरे विमानसेवेने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेत भाग घेऊन २३ डिसेंबर २०१७ रोजी जळगाव–मुंबई मार्गाने जुने नाव पुन्हा आकाशात नेले. ही दुसरी एअर डेक्कन एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवून बंद झाली.

प्रश्न : एक रुपयात खरोखर विमानप्रवास होत असे का? आणि होत असेल, तर तो कंपनीला परवडत कसा होता? – एक वाचक, पुणे

उत्तर : एक रुपया हे मूळ भाडे असे. त्यावर विमानतळाचे प्रवासी सेवा शुल्क आणि कर वेगळे द्यावे लागत, त्यामुळे प्रवाशाच्या खिशातून काही शे रुपये जातच. शिवाय एका उड्डाणात अशी आसने मोजकीच असत. ती संपली की पुढचा दर, तोही संपला की त्यापुढचा, अशी चढती शिडी असे आणि ऐनवेळी तिकीट काढणाऱ्याला त्याच विमानात शेजारच्यापेक्षा कितीतरी पट जास्त पैसे मोजावे लागत. एस.टी.च्या तिकिटाचा दर आज आणि महिन्याने एकच असतो, या सवयीत वाढलेल्या प्रवाशांना हे प्रथम विचित्र, किंबहुना थोडे लबाडीचे वाटले. आज रेल्वेच्या काही गाड्यांनाही असे बदलते भाडे आहे आणि आपल्याला त्याचे काही वाटेनासे झाले आहे.

यामागचा हिशेब सोपा आहे. विमान उडाले की रिकाम्या खुर्चीचे मोल त्या क्षणी शून्य होते; ती उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. वैमानिकांचा पगार, विमानाचे भाडे, देखभाल आणि बहुतेक इंधन हा खर्च तर खुर्ची भरली काय आणि रिकामी राहिली काय, होणारच. तेव्हा रिकाम्या जाणाऱ्या खुर्चीवर कोणी थोडे पैसे देऊन बसत असेल, तर ते घेतलेले बरे. यासाठी बाकी सर्व खर्च मात्र निर्दयपणे कापावा लागतो आणि एअर डेक्कनने तो कापला. विमानात फुकट जेवण नव्हते, पाणीसुद्धा विकत घ्यावे लागे. छापील तिकिटाऐवजी संगणकावरून काढलेला साधा कागद चाले. तिकिटे इंटरनेटवर आणि फोनवर विकली जात, पुढे ती पेट्रोल पंपांवरही मिळू लागली. आसनक्रमांक दिलेले नसत. जो आधी पोहोचेल त्याची खिडकी. एटीआरमध्ये चढण्याचे दार शेपटीकडे असते आणि दार उघडले की तेच खाली येऊन त्याच्या पायऱ्या होतात, वेगळी शिडी लावावी लागत नाही. बसमधून उतरलेले प्रवासी हातातल्या पिशव्या सावरत त्या चार-पाच पायऱ्यांकडे झपझप चालू लागत, तेव्हा ते दृश्य विमानतळापेक्षा एस.टी. स्थानकाच्या अधिक जवळचे असे. त्याची त्या काळी बरीच थट्टा झाली. थट्टा करणारे बहुधा आधीपासून विमानाने फिरणारे होते.

आता परवडण्याविषयी. परवडत नव्हते, हे प्रामाणिक उत्तर आहे. मूळ भाडे एक रुपया ही गिऱ्हाईक ओढण्याची जाहिरात होती; पण त्या जाहिरातीने संपूर्ण बाजारातील भाड्याची अपेक्षाच खाली आली आणि वरच्या पायऱ्यांवरचे दरही पुरेसे वाढवता येईनात. २००५ च्या मे महिन्यात स्पाइसजेट व किंगफिशर, त्याच वर्षाच्या अखेरीस गोएअर आणि ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो आली. त्याच सुमारास खनिज तेल महागत गेले. मे २००६ मध्ये डेक्कन एव्हिएशनने शेअर विक्रीस काढले, तेव्हा विक्रीची मुदत वाढवूनही प्रतिसाद बेताचाच मिळाला.

प्रश्न : विजय मल्ल्या यांनी तोट्यातली कंपनी कशासाठी घेतली? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तिचे वय पाहून.

त्या वेळच्या नियमाप्रमाणे भारतीय विमान कंपनीला परदेशी उड्डाणे करायची असतील, तर देशांतर्गत सेवेची पाच वर्षे पूर्ण झालेली असावी लागत आणि ताफ्यात किमान २० विमाने असावी लागत. किंगफिशर मे २००५ मध्ये सुरू झाली होती, म्हणजे तिला २०१० पर्यंत थांबणे भाग होते. एअर डेक्कनला ऑगस्ट २००८ मध्येच पाच वर्षे पूर्ण होणार होती. यूबी समूहाने २००७ मध्ये सुमारे ५५० कोटी रुपये देऊन २६ टक्के हिस्सा घेतला आणि नंतर खुल्या प्रस्तावाद्वारे, म्हणजे इतर भागधारकांकडून शेअर विकत घेऊन, तो वाढवला. पुढे विलीनीकरण झाले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. लोकांना वाटते, किंगफिशरने डेक्कनला गिळले. कागदोपत्री झाले ते उलटे : किंगफिशरचा विमानसेवेचा व्यवसाय डेक्कन एव्हिएशनमध्ये विलीन झाला आणि मग डेक्कन एव्हिएशनचे नाव बदलून ‘किंगफिशर एअरलाइन्स’ ठेवण्यात आले. त्यामुळे पाच वर्षांची ज्येष्ठता कंपनीला आयती मिळाली आणि ३ सप्टेंबर २००८ रोजी किंगफिशरचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान बंगळूरहून लंडनला गेले.

एकदा लंडन साधल्यावर हुबळीचा प्रवासी हा या व्यवहारातला दुय्यम भाग ठरला, असे आमचे मत आहे. एकाच मालकाच्या एका सेवेत चांदीच्या ताटातला पाहुणचार आणि दुसऱ्या सेवेत पाणीही विकत, ही दोन दुकाने शेजारी शेजारी चालवणे कठीणच होते. स्वस्त सेवेची भाडी आणि थाट दोन्ही हळूहळू वाढत गेले, म्हणजे ती स्वस्त राहिली नाही आणि खास झाली नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये खुद्द किंगफिशरचाही परवाना निलंबित झाला. ज्या नियमापायी हा सारा खटाटोप झाला, त्यातील पाच वर्षांची अट सरकारने २०१६ मध्ये काढून टाकली.

प्रश्न : ‘उडान’ योजनेत सरकार पैसे देते, तरीही लहान शहरांची विमाने वरचेवर बंद का पडतात? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कारण ‘स्वस्त तिकीट’ आणि ‘लहान गाव’ ही दोन वेगळी आश्वासने आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. एअर डेक्कनने ती दोन्ही एका दमात दिली. भाडे स्वस्त करायचे तर विमान मोठे हवे आणि ते दिवसभर भरून उडत राहिले पाहिजे. १८० आसनांचे विमान ७० टक्के भरले, तर खर्च १२६ जणांत वाटला जातो. ४८ आसनांचे तितकेच भरले, तर तो ३४ जणांवर येतो. वैमानिक दोन्हीकडे दोनच लागतात. पंख्याचे विमान इंधन कमी पिते, त्याच्या इंधनावर ४ टक्के विक्रीकर आणि ८० हून कमी आसनांच्या विमानांना उतरण्याच्या शुल्कात माफी, अशा सवलती होत्या, हे खरे. पण त्यांनी ही दरी अर्धीमुर्धीच बुजते. यात दोन प्रकारची विमाने ठेवली, की वैमानिकांची प्रशिक्षणे, सुट्या भागांची कोठारे आणि तंत्रज्ञ हे सर्व दुप्पट. इंडिगोने पहिली अकरा वर्षे केवळ ए-३२० कुळातील विमाने उडवली आणि एटीआर घेतले ते २०१७ मध्ये, पाय घट्ट रोवल्यानंतर. तिने डेक्कनकडून स्वस्त तिकीट घेतले आणि लहान गाव बरीच वर्षे सोडून दिले.

‘उडान’ने ही तूट भरून काढण्याची सोय केली. सुमारे एका तासाच्या प्रवासाला निम्म्या आसनांपुरती २,५०० रुपयांची कमाल मर्यादा आणि त्या बदल्यात कंपनीला तीन वर्षे तूट भरपाई, असे तिचे सुरुवातीचे स्वरूप. परंतु पैशाने न सुटणारी एक अडचण राहिली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. दुसऱ्या एअर डेक्कनचे बीचक्राफ्ट विमान १९ आसनांचे, पण उतरण्यासाठी त्याला एक पूर्ण स्लॉट, म्हणजे धावपट्टी वापरण्याची ठरवून दिलेली वेळ, लागतो. तेवढ्याच स्लॉटमध्ये दिल्लीहून आलेले विमान १८० माणसे उतरवते. सोयीची वेळ कोणाला मिळणार हे उघड आहे. सकाळी जाऊन मुंबईचे काम उरकून संध्याकाळी परतता येत नसेल, तर व्यापारी, वकील किंवा रुग्णाला घेऊन निघालेले कुटुंब रात्रीची गाडीच पकडते. त्यात एकदोनच विमानांचा ताफा. एक बिघडले की त्या दिवशीचे वेळापत्रक कोलमडते आणि असे चार वेळा घडले की प्रवासी पुन्हा वळून पाहत नाही. जळगाव–मुंबई मार्ग पुढे २०१९ मध्ये ट्रूजेटने मोठ्या एटीआर विमानाने चालवला. तीही कंपनी २०२२ च्या आरंभी थांबली.

सरकारी पैशानेही हा प्रश्न आधी सुटलेला नव्हता. २६ जानेवारी १९८१ रोजी सुरू झालेली ‘वायुदूत’ ही एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांची संयुक्त कंपनी अनेक लहान गावांत पोहोचली आणि १९९३ मध्ये तोट्यासह इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

प्रश्न : एअर डेक्कनच्या जाहिरातींत आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ होता, हे खरे का? तसेच, २००६ मध्ये घेतलेले डेक्कन एव्हिएशनचे काही शेअर आमच्या घरी आहेत, त्यांचे आता काय होईल? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : होय, चौकड्यांचा कोट घातलेला तो ‘कॉमन मॅन’ एअर डेक्कनचे मानचिन्ह होता. प्रत्येक भारतीयाने आयुष्यात एकदा तरी विमानात बसावे, असे गोपीनाथ म्हणत आणि त्यासाठी याहून योग्य चेहरा सापडणे अवघड होते. नवे मालक आल्यावर विमानांवर किंगफिशरचा पक्षी बसला.

शेअरविषयीचे उत्तर सुखद नाही. आपण ते मूळ विक्रीत घेतले असतील, तर प्रत्येकी १४८ रुपयांनी घेतले असतील. बाजारात नोंदणी झाली त्या दिवशीच त्यांचा भाव त्याखाली गेला होता. यूबी समूहाने २००७ मध्ये दिलेल्या खुल्या प्रस्तावात ज्यांनी विकले, ते सुटले. ज्यांनी ठेवले, त्यांचे शेअर विलीनीकरणानंतर किंगफिशर एअरलाइन्सचे झाले, कारण वर सांगितल्याप्रमाणे कंपनी तीच होती, नाव तेवढे बदलले. कर्नाटक उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये ही कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवत ती गुंडाळण्याचा, आदेश दिला आणि २०१८ मध्ये तिचे नाव शेअर बाजाराच्या यादीतून वगळण्यात आले. अवसायनात आधी बँकांची आणि इतर देणेकऱ्यांची देणी भागवली जातात, भागधारकांचा क्रम सर्वांत शेवटी लागतो. आणि एकट्या बँकांचेच येणे हजारो कोटींचे होते. आपल्याकडे ती छापील प्रमाणपत्रे असतील आणि त्यांवर अजून ‘डेक्कन एव्हिएशन’ हेच नाव असेल, तर रद्दीत देऊ नका, एवढेच सुचवतो.